बीभत्साचे वाचक

जॅक केचमच्या 'द गर्ल नेक्स्ट डोअर' या कादंबरीतलं बेचाळिसावं प्रकरण जेमतेम काही ओळींचं आहे. तोवर एका अनाथ मुलीचे तळघरात चाललेले हाल वाचकाने पानोपानी सोसलेले असतात. ते सांगणारा डेव्हिड हा शेजारचा मुलगा. तो तिथे हजर असतो, बघत असतो आणि थांबवत नाही. या प्रकरणात मात्र तो सांगायलाच नकार देतो. वाचकाने काय ते समजून घ्यावं, एवढ्यावर तो प्रकरण मिटवतो. एक्स्ट्रीम हॉरर म्हणजे काहीही न झाकता सगळं दाखवणारं लेखन, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. या प्रकारातली सर्वांत गाजलेली कादंबरी आपल्या सर्वांत क्रूर क्षणी तोंड फिरवते, आणि तिथेच वाचकाच्या पोटात खड्डा पडतो.

कादंबरी १९८९ची. तिच्यामागे खरा गुन्हा आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात सिल्व्हिया लायकन्स या सोळा वर्षांच्या मुलीला, तिला जिच्याकडे सांभाळायला ठेवलं होतं त्या बाईने, तिच्या मुलांनी आणि आजूबाजूच्या पोरांनी मिळून छळून मारलं. केचमने नावं बदलली, काळ १९५८वर नेला, गाव बदललं आणि कथा एका बघ्याच्या तोंडी घातली. ही शेवटची निवड सगळ्यात महत्त्वाची. डेव्हिड बघतो म्हणून वाचक बघतो. पान उलटणारा हातही त्या बघ्यांपैकीच एकाचा होतो. या साहित्याचे जाणते चाहते पुस्तकाला जोखतात ते याच कसोटीवर: इथे रक्त किती सांडलं हे ते मोजत नाहीत, लेखकाने वाचकाला नेमकं कुठे उभं केलं हे विचारतात.

या लेखनाला 'स्प्लॅटरपंक' हे नाव मिळालं १९८६मध्ये. प्रॉव्हिडन्स इथे भरलेल्या वर्ल्ड फँटसी कन्व्हेन्शनमध्ये डेव्हिड शो या लेखकाने ते रूढ केलं. त्याआधी दोनच वर्षं, १९८४पासून, इंग्लंडमध्ये क्लाइव्ह बार्करचे 'बुक्स ऑफ ब्लड'चे खंड निघू लागले होते. जॉन स्किप आणि क्रेग स्पेक्टर ही जोडी रॉक संगीताच्या धडाक्यात लिहीत होती. समोरच्या बाजूला चार्ल्स ग्रँटसारखे संपादक 'क्वाएट हॉरर'चे, म्हणजे सूचक, संयत भयकथेचे पुरस्कर्ते होते. 'सायको'चा लेखक रॉबर्ट ब्लॉकसुद्धा या नव्या मंडळींवर नाराज होता. भीती आणि मळमळ यांत फरक आहे, असं त्याचं म्हणणं.

फरक आहेच. पण मळमळ ही कमअस्सल भावना आहे, हे कुणी ठरवलं? नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले, दोघांनाही आठांत जागा दिली. इतकंच नव्हे तर रक्ताने होणारा क्षोभ आणि विष्ठा-कृमींनी येणारा उद्वेग असे बीभत्साचे पोटभेदही केले. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती 'मालतीमाधव'च्या पाचव्या अंकात आपल्या प्रेमवेड्या नायकाला नरमांस विकायला स्मशानात पाठवतो आणि प्रेत खाणारा पिशाच त्याच्यासमोर उभा करतो. प्रेमकथेच्या ऐन मध्यावर! ज्या परंपरेत हे बसतं, त्या परंपरेतल्या वाचकाला किळस साहित्याबाहेरची वाटण्याचं खरं तर कारण नाही.

प्रकाशकांना मात्र ती कायम अडचणीची वाटली. केचमची पहिली कादंबरी 'ऑफ सीझन' १९८०ची. मेन राज्यातल्या समुद्रकिनारी सुटीला आलेली न्यूयॉर्कची मंडळी आणि गुहेत राहणारं नरभक्षक कुटुंब, असा तिचा विषय. प्रकाशकाने तिच्यात काटछाट केली आणि शेवट सौम्य करायला लावला. तेवढ्यानेही भागलं नाही. टीका होताच पुस्तकामागचं बळ काढून घेतलं. केचमला हवा तसा मजकूर वाचकांपर्यंत पोचला थेट १९९९मध्ये. मूळ शेवटात, जो जगावा असं वाटतं तोच मरतो. जगात चांगुलपणाला संरक्षण नाही, हे केचमचं सांगणं त्या एका मरणावर उभं आहे, म्हणून शेवट बदलणं म्हणजे कादंबरीचा कणाच काढण्यासारखं होतं.

ब्रेट ईस्टन एलिसच्या 'अमेरिकन सायको'ची कथा त्याहून गाजली. सायमन अँड शूस्टरने नोव्हेंबर १९९०मध्ये, छपाईच्या तोंडावर, ती नाकारली. १९९१मध्ये व्हिंटेजने ती काढली. ऑस्ट्रेलियात ती प्रौढांसाठीच्या वर्गात घालून प्लास्टिकमध्ये बंद करून विकली गेली. त्याच सायमन अँड शूस्टरने १९९६मध्ये 'एक्स्क्विझिट कॉर्प्स' छापली. पॉपी झी. ब्राइट या नावाने लिहिलेली ही कादंबरी लेखकाच्या आधीच्या प्रकाशकाने नाकारली होती. दोन खुनी पुरुष, न्यू ऑर्लिन्स, एड्सची साथ. ती वाचवत नाही आणि सोडवतही नाही, कारण तिचं गद्य देखणं आहे. अशा मजकुराला इतकं सुंदर गद्य का, हा प्रश्न वाचकाला छळत राहतो. ब्राइटचं खरं यश तो प्रश्न उभा करण्यात आहे.

आज ही कात्री जवळपास उरलेली नाही. लेझर बुक्स ही स्वस्त पेपरबॅकची मालिका केचम, रिचर्ड लेमन, एडवर्ड ली, ब्रायन कीन यांना अमेरिकेतल्या सामान्य दुकानांपर्यंत नेत होती. २०१०मध्ये तिने स्वस्त पेपरबॅक बंद केले आणि लेखकांच्या थकलेल्या मानधनावरून वाद पेटला. तोवर ॲमेझॉनवर स्वतःच पुस्तक काढण्याची सोय येऊन तीन वर्षं झाली होती. लेखक तिकडे वळले, छोटी प्रकाशनं उभी राहिली. २०१८मध्ये रॅथ जेम्स व्हाइट आणि ब्रायन कीन यांनी स्प्लॅटरपंक पुरस्कार सुरू केले. मग टिकटॉकवरच्या वाचकांनी हा कोपरा शोधून काढला, आणि ॲरन बोरगार्डची 'प्लेग्राउंड' ही २०२२ची कादंबरी, श्रीमंत बाईने मुलांसाठी रचलेल्या जीवघेण्या खेळांची गोष्ट, हजारो तरुण वाचकांच्या हाती गेली.

चाहत्यांना याचा आनंद आहे आणि तो रास्त आहे. पण प्रकाशकाची कात्री ज्या दाराने गेली, त्याच दाराने संपादकही गेला. आज निघणाऱ्या पुस्तकांपैकी बरीच या अभावाने लंगडतात. पात्रं मरण्यासाठीच जन्माला येतात. पहिल्या प्रकरणात जे केलं त्याहून भयंकर दुसऱ्यात, त्याहून तिसऱ्यात, अशी चढण लागते आणि वाचक शंभराव्या पानापर्यंत बधिर होतो. बधिर वाचकाला किळस येत नाही, भीतीही वाटत नाही; तो फक्त पुढे काय अवयव तुटणार याची नोंद ठेवतो. बलात्काराचा वापर तर अनेकदा इतका आळशी असतो की त्याचं समर्थन कुठल्याही रसशास्त्राने होणार नाही. बाईचं शरीर कथानकाला धक्का देण्यापुरतं आणायचं आणि धक्का बसला की तिला विसरायचं, हा या प्रकाराचा जुना आणि सर्वांत मोठा दोष आहे. चाहत्यांनीच तो सर्वांत मोठ्या आवाजात सांगायला हवा.

याच्या उलट टोकाला बार्करची 'इन द हिल्स, द सिटीज' ही कथा ठेवून पाहावी. युगोस्लाव्हियातली दोन गावं, पोपोलाक आणि पोदुयेवो. ठरावीक वर्षांनी दोन्ही गावांतले सगळे लोक एकमेकांना दोरांनी, पट्ट्यांनी बांधून घेतात आणि माणसांचाच एक डोंगराएवढा राक्षस उभा करतात. मग दोन राक्षसांची झुंज. एका वर्षी एक राक्षस ढासळतो. हजारो देह एकमेकांखाली चिरडतात आणि दरीतून रक्ताचे ओघळ वाहतात. कथेत किळस आहे, पण त्याहून मोठा आहे तो विस्मय: आपलं गाव, आपला समूह म्हणून माणूस स्वतःचं शरीर किती आनंदाने हवाली करतो! १९८४ला लिहिलेली ही कथा वाचताना पुढच्या दशकातला युगोस्लाव्हिया आठवतोच, मात्र कथेचं बळ त्या योगायोगावर नाही. बांधल्या गेलेल्या त्या माणसांना उरलेलं एकच मन, एकच पाऊल टाकण्याची सक्ती, हे बार्करने स्नायूंच्या, हाडांच्या पातळीवर लिहिलं आहे. सूचक शैलीत ही कथा लिहिताच आली नसती.

जो लॅन्सडेलची 'द नाइट दे मिस्ड द हॉरर शो' ही १९८८ची ब्रॅम स्टोकर पुरस्कारप्राप्त कथाही अशीच. टेक्ससमधली दोन गोरी पोरं रात्री सिनेमाला जात नाहीत, कारण 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा नायक काळा आहे. त्याऐवजी गाडीतून भटकताना ती खऱ्या वंशद्वेष्ट्यांच्या तावडीत सापडतात. वाचकाची सहानुभूती कुठेच ठरू न देता लॅन्सडेल ती रात्र शेवटापर्यंत नेतो.

आणि ऑगुस्तिना बाझ्तेरिका. या अर्जेंटिनाच्या लेखिकेची 'कादाव्हेर एक्स्किसितो' ही स्पॅनिश कादंबरी २०१७ची, क्लारिन पुरस्कार मिळालेली. २०२०मध्ये ती इंग्रजीत 'टेंडर इज द फ्लेश' म्हणून आली. एका विषाणूमुळे जनावरांचं मांस खाणं थांबलं आहे, आणि माणसांची पैदास करून त्यांचं मांस विकणं कायदेशीर झालं आहे. नायक मार्कोस कत्तलखान्यात अधिकारी. मालाला माणूस म्हणायची बंदी. नवीन उमेदवारांना तो कारखाना फिरवून दाखवतो तो भाग म्हणजे या सगळ्या साहित्यातला उच्चांक म्हणावा लागेल: विभागामागून विभाग, यंत्रं, स्वच्छतेचे नियम, उत्पादनाचा वेग. कुठेही आवाज चढत नाही. सरकारी अहवालाच्या थंडपणाने लिहिलेलं ते गद्य वाचताना चामडीचा, हाडांचा तपशील टोचत राहतो. बोरगार्डचा वाचक किंकाळ्या ऐकतो. बाझ्तेरिकाचा वाचक किंकाळ्या बंद करण्याची व्यवस्था पाहतो, कारण माल ओरडू नये म्हणून त्याच्या स्वरतंतूंचीच वाट लावलेली असते.

गेल्या काही वर्षांत या प्रकाराला नवं रक्त मिळालं ते अशाच लेखकांकडून. ॲलिसन रम्फिटची 'टेल मी आय अ‍ॅम वर्थलेस' (२०२१) इंग्लंडच्या फॅसिझमला झपाटलेल्या घराचं रूप देते. एरिक लारोकाची त्याच वर्षीची लघुकादंबरी दोन स्त्रियांच्या ईमेल आणि चॅटमधून उलगडते. रक्त फार थोडं, शरण जाण्याची भूक मात्र भयावह. त्यांच्या मागे कॅथी कोजा उभी आहे. तिच्या १९९१च्या 'द सायफर'मध्ये एका इमारतीच्या अडगळीच्या खोलीत सापडलेलं काळं भोक आहे, आणि त्यात हात घालावासा वाटणं आहे. पूर्वी ज्यांची शरीरं या कथांत नुसती फाडली जायची, त्यांनीच आता लेखणी हाती घेतली आहे. प्रकाराच्या भवितव्याबद्दल यापेक्षा आशादायक बातमी नाही.

मराठीत या जातीची भयकथा जवळपास नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय उत्तम हाताळलं, पण बीभत्साच्या उंबऱ्यावर दोघेही बहुधा थांबले. धारपांच्या कथेचा धागा घेणाऱ्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने २०१८मध्ये तो उंबरा थोडा ओलांडला: विहिरीच्या तळाशी मांसल गर्भ, अंगावर झाड उगवलेली म्हातारी. मराठीतला अस्सल बीभत्स शोधायचा तर भयकथेबाहेर जावं लागतं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) किळस हे हत्यार म्हणून वापरतो आणि सुसंस्कृत वाचकाला बघ्याच्या जागेवरून खाली ओढतो. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'तला रमाच्या लुगड्यावरचा रक्ताचा डाग सेन्सॉरला खुपला, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी तो निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना तो लाल समजावा असं सांगितलं. त्या निळ्या डागाने लालपेक्षा जास्त काम केलं असणार. ज्या भाषेत हे दोन लेखक झाले, तिच्यात भयकथेने मवाळच राहावं असा काही नियम नाही.

असलं वाचणाऱ्यांच्या मनात काय असतं, हा संशय जुना आहे. २०२१मध्ये कोल्टन स्क्रिव्हनर, मॅथियस क्लासन आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीनशे अमेरिकनांच्या पाहणीतून दाखवलं, की भयपटांचे चाहते कोविडच्या काळात मानसिकदृष्ट्या कमी खचले होते. पण हा अभ्यास भयपटांचा, तोही सहसंबंधाचा. 'प्लेग्राउंड' वाचून माणूस कणखर होतो असं त्यातून निघत नाही. चाहत्यांचा खरा पुरावा त्यांच्या वागण्यात आहे. मुलांचे हाल, प्राण्यांचे हाल, लैंगिक हिंसा: कुठल्या पुस्तकात काय आहे हे ते एकमेकांना आधी सांगतात. मॅट शॉसारख्या लेखकाने आपली सर्वांत जहाल पुस्तकं नुसत्या काळ्या मुखपृष्ठात काढली, वर फक्त इशारा. काहींना ही जाहिरातबाजी वाटते आणि ती थोडी आहेही. तरी नको असलेला वाचक दारातच परत फिरतो, हे काम तिने होतं. नव्या वाचकाला बाझ्तेरिका आधी द्यावी, मग बार्करचे पहिले दोन खंड, मग केचम. एडवर्ड लीची 'द बिगहेड' आणि मॅथ्यू स्टोकोची 'काऊज' मागितल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नयेत, आणि मागणाऱ्याला पुस्तक अर्ध्यावर मिटण्याची पूर्ण मोकळीक आहे हेही सोबत सांगावं.