रंगमहाल कोणत्या दशकाचा?

कलाकृतीचे दशक ठरविणे हे काम वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचे वाटते. ग्रंथाच्या आरंभी प्रकाशनवर्ष छापलेले असते. ते पाहावे आणि ग्रंथ त्या दशकाच्या कप्प्यात ठेवून द्यावा. परंतु हा कप्पा किती फसवा असतो याचा अनुभव वर्गात शिकविणाऱ्यास वारंवार येतो. केशवसुत १९०५ साली निवर्तले आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक हरि नारायण आपटे यांनी त्यानंतर सिद्ध केले. म्हणून ती कविता आपट्यांच्या आवृत्तीच्या दशकाची असे कोणी म्हणत नाही. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ साली निघाला. त्यातील कितीतरी कविता पन्नास व साठच्या दशकांत लिहून झाल्या होत्या. मग तो संग्रह लेखनाच्या दशकात घालावयाचा की वाचकांच्या हाती पडला त्या दशकात? छापील कागद समोर असता ही अडचण. जेथे कर्त्याचे नाव नाही, वर्ष नाही आणि कृतीचा बहुतेक भागही उरलेला नाही, तेथे ती किती वाढत असेल याचा विचार माळव्यातील बाग येथील लेण्यांच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे.

धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतील बाग हे गाव पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. आज त्याचे नाव सर्वत्र घेतले जाते ते तेथील ठशांच्या कापडामुळे. (सागवानी ठसा झिजला की त्याच आकृतीचा दुसरा कोरतात. तेव्हा कापड यंदाचे, ठसा गेल्या काही वर्षांतला आणि आकृती त्याहून कितीतरी जुनी असते. गिऱ्हाईक ‘जुने काम आहे का?’ असे विचारते तेव्हा ते यांपैकी कशाविषयी विचारीत असते, हे त्यालाही सांगता येणार नाही.) गावापासून काही अंतरावर बाघनी नदीच्या काठच्या टेकडीत नऊ बौद्ध लेणी खोदलेली आहेत. त्यांतील चार-पाचच आज पाहण्याजोगी उरली आहेत. चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. त्याच्या व शेजारच्या पाचव्या लेण्याच्या पुढे मिळून सुमारे २२० फूट लांबीची एक ओसरी होती. तिचे छत व खांब कोसळले. मागची भिंत उरली आणि त्या भिंतीवर चित्रे होती.

चित्रांत काय होते? एक स्त्री हाताने तोंड झाकून रडत आहे आणि दुसरी तिची समजूत घालीत आहे. काही पुरुष बसून संभाषण करीत आहेत. पुढे घोडेस्वारांची व हत्तींची मिरवणूक आहे. आणि या सर्वांच्या मधोमध, ज्यामुळे बागेचे नाव कलेच्या इतिहासात गेले, ते स्त्रियांचे दोन वाद्यवृंद आहेत. मध्ये एक नर्तक, भोवती स्त्रियांचे कडे. कोणाच्या गळ्यात मृदंग, कोणाच्या हाती झांजा, कोणाच्या हाती टिपऱ्या. ही कोणती कथा, हे आजवर निश्चित झालेले नाही. नृत्याला मात्र अभ्यासकांनी ‘हल्लीसक’ हे नाव दिले, कारण हरिवंशात आणि भासाच्या ‘बालचरिता’त त्या नावाचे मंडलनृत्य येते.

येथेच पहिली गंमत आहे. चित्राचे नाव आपण साहित्यातून घेतले, तसा त्याचा काळही साहित्यातूनच मिळवावा असा मोह होतो. परंतु भासाच्या काळाविषयी पंडितांत जेवढा मतभेद आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी असेल. त्याच्या नावावरची नाटके १९१२ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हापासून त्यांचे कर्तृत्वही वादग्रस्त आहे. हरिवंश तर थरांथरांनी वाढलेला ग्रंथ. स्वतःचे वय ज्यास सांगता येत नाही असा साक्षीदार दुसऱ्याच्या वयाचा दाखला देण्यास उभा करण्यासारखेच हे झाले. हल्लीसक हे नाव चित्राचे वर्णन करण्यास उपयोगी आहे. त्याचे दशक ठरविण्यास ते निरुपयोगी आहे.

शैलीवरून काळ ठरविणाऱ्यांची स्थिती याहून फारशी बरी नाही. ‘बाग ही अजिंठ्याची माळव्यातील शाखा’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून इतके रूढ झाले आहे की, त्याचे दोन अर्थ होतात हे लक्षातच येत नाही. शाखा म्हणजे नंतरची, हा एक. शाखा म्हणजे कमी प्रतीची, हा दुसरा. कित्येकांनी दुसऱ्या अर्थावरून पहिला काढला आहे आणि लेणी सहाव्या-सातव्या शतकापर्यंत पुढे ढकलली आहेत. दुसऱ्या लेण्याच्या मंडपात मध्यभागी जादा खांब आहेत, ते बोजड दिसतात, म्हणून ती उतरत्या काळाची खूण मानावयाची! वस्तुतः अजिंठ्याचा दगड कठीण बेसाल्टचा आहे आणि बागेचा ठिसूळ वालुकाश्माचा. छत तोलण्यासाठी कारागिराला खांब वाढवावे लागले, आणि तरीही छते कोसळलीच. उलट दिशेचा पुरावाही तितकाच निसरडा आहे. अजिंठ्याच्या पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या विहारांच्या गर्भगृहांत बुद्धमूर्ती आहे, बागेच्या गर्भगृहात स्तूप आहे. स्तूपपूजा जुनी, तेव्हा बाग आधीची, असे म्हणता येईल. पण दुसऱ्या लेण्याच्या गर्भगृहापुढील दालनात बुद्धमूर्ती आहेतच. त्या मूळ योजनेतील की मागाहून घातलेल्या, हे कळल्याशिवाय हा पुरावा पुरा पडत नाही.

तेव्हा लेखाकडे वळणे भाग आहे. १९२९ साली दुसऱ्या लेण्यातील ढिगारा उपसताना ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांस एक ताम्रपट मिळाला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने दत्तटक नावाच्या पुरुषाने बांधविलेल्या ‘कलयन’ विहाराला एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. बुद्धाची पूजा, भिक्षूंचे अन्नवस्त्र व औषध आणि मोडक्यातोडक्या भागांची डागडुजी हे दानाचे हेतू होत. दैवाचा खेळ असा की, पत्र्याचा नेमका वर्ष असलेला भाग नाहीसा झालेला आहे! सुदैवाने याच सुबंधूचा दुसरा ताम्रपट बडवानीचा आहे आणि त्यात १६७ हे वर्ष स्पष्ट आहे. पण कोणत्या संवताचे? कलचुरि-चेदि संवताचे मानले तर ते इ. स. ४१६-१७ येते, गुप्त संवताचे मानले तर ४८६-८७. सत्तर वर्षांचा, म्हणजे सात दशकांचा हा फरक आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या कलचुरि-चेदि लेखांच्या आपल्या महाग्रंथात सुबंधूचे दोन्ही ताम्रपट समाविष्ट केले, म्हणजे पहिला पर्याय स्वीकारला. मिराशींचा अधिकार एवढा मोठा आहे की, त्यांच्याशी मतभेद दर्शविताना लेखणी अडखळावी. परंतु १९८२ साली बागेच्या परिसरातच सत्तावीस ताम्रपटांचा एक संग्रह सापडला आणि के. व्ही. रमेश व एस. पी. तिवारी यांनी १९९० साली तो प्रसिद्ध केला. वल्ख येथील महाराजांचे हे दानपत्र आहेत. त्यांत हे राजे स्वतःस परमभट्टारकाच्या पायांशी निष्ठ म्हणवितात. वर्षांचे आकडे कलचुरि संवताचे मानल्यास त्यांतील आरंभीचे राजे तिसऱ्या शतकाच्या अखेरीकडे जातात, आणि तेव्हा या प्रदेशावर असा कोणता सम्राट होता हे सांगता येत नाही. गुप्त संवताचे मानल्यास तो सम्राट आपोआप सापडतो. या संग्रहातील सर्वांत मोठा आकडाही १६७ च्या खालीच राहतो. म्हणजे सुबंधू या राजांच्या मागून सरळ क्रमाने येतो. मिराशींसमोर हा पुरावा नव्हता, तेव्हा त्यांच्या निर्णयास उणेपणा येत नाही. आज मात्र ४८६ च्या पारड्यात वजन अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याहून कुतूहलाची गोष्ट अशी की, ४८६ या सनाला अर्थ प्राप्त करून देणारे साधनही मिराशींचेच आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील विश्रुतचरितात विदर्भाचा विलासी राजा अनंतवर्मा सामंतांच्या कारस्थानाला बळी पडतो आणि राणी लहानग्या भास्करवर्म्याला घेऊन माहिष्मतीला आश्रयास जाते. या कथेत हरिषेणानंतरच्या वाकाटक साम्राज्याच्या विनाशाची स्मृती जपलेली आहे, हे मिराशींनी मांडले. वॉल्टर स्पिंक यांनी हा धागा उचलून अजिंठ्याचा आपला प्रसिद्ध ‘आखूड’ कालक्रम विणला. हरिषेणाची राजवट इ. स. ४६० ते ४७७ च्या सुमारास, अजिंठ्याचे महायान पंथाचे जवळजवळ सारे काम तेवढ्याच अवधीतले, आणि बाग त्याच काळातली. शतकांच्या भाषेत बोलणाऱ्या या विषयात दशकाची भाषा आली ती येथून. सुबंधूचा संवत मात्र स्पिंक यांनी गुप्तच मानला. मिराशींचा एक हात धरावयाचा आणि दुसरा सोडावयाचा, असा हा व्यवहार आहे. पण विद्येच्या प्रांतात तो गैर नव्हे.

स्पिंक यांचा कालक्रम सर्वमान्य नाही आणि त्यातील दोन-दोन वर्षांच्या सूक्ष्म पायऱ्या पाहून वाचकाला धाप लागते. दंडी तर घटनेनंतर सुमारे दोन शतकांनी लिहीत होता आणि इतिहास नव्हे, कथा लिहीत होता. इतके वजा जाता जे उरते ते असे की, सुबंधू ४८६ च्या आसपास माहिष्मतीस राज्य करीत होता आणि तेव्हा विहार उभा होता. डागडुजीचा उल्लेख आहे, म्हणून विहार तेव्हाच जुना व जीर्ण झाला होता, असा कोणी तर्क केल्यास तो मान्य करता येणार नाही. मोडक्यातोडक्याची डागडुजी हा अशा दानपत्रांतील ठरीव मजकूर आहे आणि नव्या कोऱ्या इमारतीच्या दानपत्रातही तो येऊ शकतो. शिवाय ताम्रपट सापडला दुसऱ्या लेण्यात, चित्रे आहेत चौथ्या-पाचव्याच्या ओसरीवर. लेणे कोरणारा हात निराळा, रंग देणारा निराळा. दोहोंमध्ये किती काळ गेला याची नोंद कोठेही नाही. म्हणून खोदकाम ४६० ते ४८६ च्या दरम्यानचे, आणि चित्रे त्याच अवधीच्या उत्तरार्धातील किंवा किंचित पुढची, येथवरच मी जाईन.

यावर कोणी म्हणेल की, चित्रे समोर आहेत, मग रेषेवरून निर्णय का करू नये? पण चित्रे समोर आहेत हेच खरे नाही. १८१८ मध्ये डेंजरफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी त्यांचे वर्णन लिहिले. तेव्हापासून चित्रे सतत नाश पावत आली, आणि १९८२ साली उरलेला भाग भिंतीवरून काढून घ्यावा लागला. आपण पुस्तकांतून ‘बागेची चित्रे’ म्हणून जे पाहतो, ते बहुतांशी १९२१ साली ग्वाल्हेर दरबारासाठी नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांनी केलेल्या प्रतिकृतींचे मुद्रण असते. या प्रतिकृती ग्वाल्हेरच्या गुजरी महालात आहेत, आणि मार्शल, गर्दे, व्होगेल प्रभृतींच्या लेखांसह निघालेले बागेचे चित्रसंपुट १९२७ सालचे आहे.

आता यातील नंदलाल आणि हालदार हे दोघे लेडी हेरिंगहॅम यांच्या अजिंठा-मोहिमेतही होते. १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्याच्या भिंतीपुढे बसून त्यांनी जी रेषा हाताला लावून घेतली, तीच दहा-अकरा वर्षांनी बागेच्या भिंतीपुढे चालली. ती रेषा अवनींद्रनाथांच्या शाळेत घडलेली होती. मऊ, लांब श्वासाची, कडांना किंचित विरघळणारी. अजिंठा व बाग यांच्यातील ज्या साम्यावरून आपण एकीला मूळ व दुसरीला शाखा ठरवितो, त्या साम्याचा काही अंश तरी या दोन चित्रकारांच्या मनगटातला नसेल का? तो किती, हे मूळ भिंत गेल्यावर मोजता येणे कठीण आहे. पण १९२७ च्या चित्रसंपुटातील मृदंग वाजविणारीच्या वळलेल्या मानेवरून पाचव्या शतकातील दशक ठरवू पाहणारा अभ्यासक विसाव्या शतकातील तिसऱ्या दशकाचेच निदान करीत असण्याचा संभव आहे.

तेव्हा त्या संपुटाचे दशक कोणते? पुस्तक म्हणून ते निःसंशय १९२० च्या दशकाचे आहे. अजिंठा, बाग आणि शांतिनिकेतन यांना एका सूत्रात गुंफून पाहण्याची जी दृष्टी त्या काळी घडत होती, तिच्याशिवाय ते निघाले नसते, आणि ज्यांनी ते उघडले त्यांना ‘प्राचीन भारतीय चित्रकला’ म्हणजे काय हे त्याच रेषेतून कळले. रचना म्हणून, म्हणजे नर्तकाभोवतीचे कडे, टिपऱ्या उगारलेल्या हातांचा ताल, एका वृंदाकडून दुसऱ्याकडे नजर नेणारी आकृतींची मांडणी या दृष्टीने, ते वाकाटकांच्या अस्ताच्या सुमारास या दरीत काम करणाऱ्या कोणा अनामिकाचे आहे. कारण मांडणी नक्कल करणाऱ्याच्या हातून सहसा बदलत नाही, बदलते ती कड. शैलीवरून जर काही सिद्ध करावयाचेच असेल तर ते मांडणीवरून करावे, रेषेवरून करू नये. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी व वादक स्त्रियांचा असाच एक प्रसंग आहे. त्याची मांडणी बागेच्या दोन वृंदांशी ताडून पाहण्याचे काम शिक्षकांनी वर्गात करून घ्यावे, आणि चित्राखाली सन लिहिताना ताम्रपटाचा, प्रतिकृतीचा व मुद्रणाचा असे तिन्ही निरनिराळे लिहवून घ्यावेत.