पीएच.डी.नंतरची अधिछात्रवृत्ती आणि सुरतेचे कागद

विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ सप्टेंबर २०२२ रोजी डॉ. राधाकृष्णन पोस्ट डॉक्टरल फेलोशिप नव्या स्वरूपात जाहीर केली. जागा ९००, त्यांपैकी ३० टक्के महिलांसाठी. दरमहा ५० हजार रुपये आणि आकस्मिक खर्चासाठी वर्षाला ५० हजार. रक्कम अपुरी म्हणता येणार नाही. परंतु विज्ञान, अभियांत्रिकी, समाजशास्त्रे व भाषा यांना एकाच मापाने मोजले आहे, आणि खरी उणीव तेथे आहे.

सुरत बंदराच्या इतिहासाचा विषय घ्यावा. इंग्रज वखारीच्या दैनंदिन्या मुंबईच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल पुण्यात, मोगल अमलाचे कागद फारसीत. अशीन दास गुप्ता यांचा सुरतेच्या ऱ्हासावरील १९७९चा ग्रंथ उभा राहिला तो डच कागदपत्रे वाचता आल्यामुळे. अशा अभ्यासकाचे पहिले वर्ष लिपीशी झटापट करण्यातच जाते. शोधनिबंधांची संख्या पाहणाऱ्या मूल्यमापनात ते वर्ष कोरेच दिसणार! मोडी वा फारसी शिकण्याकरिता जाहीर स्वरूपात वेगळी तरतूद नाही.

डिसेंबर २०२२मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. ती पीएच.डी.च्या टप्प्यावरची होती. उर्दू-फारसीकडे वळणाऱ्यांनाही तिचा आधार होता. खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या ९०० जागांसाठी या भाषांतून अर्ज करणारे किती उरतील, याचा विचार आयोगाने केलेला दिसत नाही.