भिंती राहिल्या, घरे राहिली का?

इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात २०२० साली करार झाला, विमाने सुरू झाली, आणि तेव्हापासून आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी तिकडे जाऊन आली. परत आलेला माणूस बहुधा दोन गोष्टींचे वर्णन करतो. एक दुबईची बुर्ज खलिफा, आणि दुसरे अबुधाबीत २०२३ साली उघडलेले मोशे बेन मैमोन सिनेगॉग. दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण दुबईच्या खाडीकाठी अल-फहीदी नावाची एक लहानशी जुनी वस्ती आहे, तिच्याविषयी आपल्यात कोणी फारसे बोलत नाही. जुने लोक तिला बस्तकिया म्हणतात. जुनी घरे कशी राखावीत आणि राखताना काय निसटते, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच गल्लीत दिसतात. आपण कोकणातली घरे मागे ठेवून आलेली माणसे, म्हणून आपण ती वस्ती नीट पाहावी असे मला वाटते.

या वस्तीचा इतिहास आपल्याला परका वाटणार नाही. दक्षिण इराणात बस्तक नावाचे गाव आहे. तेथील व आसपासचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखात ओलांडून दुबईला येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या बंदरांवर जकातीचा बोजा वाढला, आणि इकडे दुबईच्या शेखांनी जकात माफ केली. मग येणाऱ्यांची संख्या वाढली. फहीदी किल्ल्याच्या पूर्वेला, खाडीच्या काठी त्यांनी घरे बांधली. बस्तकहून आला तो बस्तकी, जसा पेणचा पेणकर, किहीमचा किहीमकर आणि नवगावचा नवगावकर. गाव सुटले तरी आडनावात राहते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

त्यांच्यात आणि आपल्यात फरक एवढाच की त्यांनी गावाच्या नावाबरोबर घर बांधण्याची रीतही आणली. समुद्रातला पोवळ्याचा दगड, जिप्समचा गिलावा, हिंदुस्थानातून आलेले सागवान आणि पूर्व आफ्रिकेहून गलबतांतून आलेले खारफुटीचे वासे, एवढ्यावर ही घरे उभी राहिली. वासा तीन-चार मीटरचा, म्हणून खोलीही तेवढीच रुंद आणि मग लांबच लांब. घराच्या डोक्यावर चौकोनी मनोरा असतो, त्याला तेथे बारजील म्हणतात. तो वरच्या अंगाला चारी बाजूंनी उघडा असतो. आत दोन पडद्या तिरक्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे मनोऱ्यात चार पोकळ्या होतात. ज्या दिशेने वारा येईल त्या बाजूच्या पोकळीतून तो खाली खोलीत उतरतो, आणि आतली गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. थंडीत खालचे तोंड फळ्यांनी बंद करीत. विजेशिवाय घर थंड ठेवण्याची ही युक्ती शाळेतल्या मुलालाही फळ्यावर चार रेघा काढून समजावता येईल.

गल्लीला तेथे सिक्का म्हणतात. ती इतकी अरुंद की एका भिंतीची सावली दुसऱ्या भिंतीवर पडते. रस्त्याकडे खिडक्या थोड्याच. दारातून आत शिरल्यावर वळावे लागते, त्यामुळे वाटसरूची नजर चौकापर्यंत पोहोचत नाही. पाहुण्यांची बैठक, म्हणजे मजलिस, दाराजवळ असे आणि घरच्या बायकामुलांचा वावर आतल्या चौकात असे. आपले कोकणातले घर याच्या अगदी उलट. आपली ओटी रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारीत बसलेली. त्यांना ऊन आणि परकी नजर अडवायची होती, आपल्याला पाऊस अडवायचा होता, म्हणून आपली कौले उतरती आणि पडवी रुंद. दोन्ही घरे हवेने आणि माणसांच्या चालीरीतींनी घडवली, कोणा कारागिराच्या लहरीने नव्हे.

१९६६ साली दुबईत तेल सापडले. वीज त्याच्या काही वर्षे आधी आली होती. हळूहळू बस्तकी कुटुंबे गावाबाहेर, एसी असलेल्या नव्या बंगल्यांत राहायला गेली. जुन्या घरांत मजूर भाड्याने राहू लागले, काहींची गोदामे झाली. १९८० च्या दशकात राज्यकर्त्यांच्या कचेरीसाठी वस्तीचा मोठा भाग पाडण्यात आला, आणि १९८९ साली उरलेला भागही पाडायचे ठरले. तेथे राहून एक जुने घर दुरुस्त करणारे इंग्रज वास्तुविशारद रेनर ऑटर यांनी त्याविरुद्ध खटपट केली आणि ब्रिटनच्या युवराजांना पत्र लिहिले. ते युवराज म्हणजे आजचे राजे चार्ल्स. त्याच वर्षी ते दुबईला आले, त्यांनी वस्ती पाहिली आणि ती राखावी असे सांगितले. पाडापाडी थांबली. पुढे नगरपालिकेने घरे दुरुस्त केली, आणि २०१२ साली वस्तीला अल-फहीदी हे नाव दिले.

आता या कामाविषयी माझे मत. भिंती, मनोरे आणि लाकूडकाम या बाबतीत काम चांगले झाले आहे. गल्ल्या रुंद केल्या नाहीत आणि मोटारी आत आणल्या नाहीत. मनोऱ्यांच्या डोक्यावर उंच इमारती चढवल्या नाहीत. जमिनीच्या तुकड्यासाठी जेथे समुद्रात भर घालतात, अशा शहरात हे सोपे नव्हते. याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण संध्याकाळ झाल्यावर तेथून हिंडावे, म्हणजे उणीव कळते. या घरात चित्रांचे दालन, त्या घरात कॉफीचे संग्रहालय, पलीकडे नाण्यांचे, कोठे उपाहारगृह, कोठे कचेरी. रात्री तेथे कोणी निजलेच तर हॉटेलातला पाहुणा निजतो. कोणाच्या घरातून फोडणीचा वास येत नाही, कोणी मुलाला जेवायला हाक मारीत नाही. बऱ्याच ठिकाणी मनोऱ्याखाली दारे बंद करून एसी चालू असतो, म्हणजे ज्या कामासाठी मनोरा होता ते काम त्याला उरलेले नाही. दाराजवळचे वळण अजून आहे, पण ज्यांच्यासाठी परक्याची नजर अडवायची ती माणसे आत नाहीत. आता तिकीट काढलेला परकाच चौकात उभा राहून छायाचित्र घेतो.

एक अपवाद मात्र मनापासून सांगते. शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र तेथल्याच एका जुन्या घरात आहे. तेथे पाहुण्यांना जमिनीवर बसवून जेवू घालतात आणि मनात येईल तो प्रश्न विचारा म्हणतात. बैठकीचा उपयोग तेथे बैठकीसारखा होतो. त्यामुळे घर कसे वापरत हे न सांगता कळते. सगळ्या वस्तीत असे आणखी दोन-चार चौक असते, तर माझी तक्रार निम्मी झाली असती.

दुसऱ्या टोकाला जुमेराच्या किनाऱ्यावरचे मदिनत जुमेरा हे हॉटेल आणि बाजाराचे संकुल पाहावे. तेथे मनोऱ्यांची रांगच आहे, पण बहुतेक शोभेचे. वारा न घेणारा बारजील म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीवरचा रहाट. अल-फहीदी निदान खरी आहे. पण माणसे नसलेली खरी वस्ती आणि शोभेची खोटी वस्ती यांतले अंतर वर्षागणिक कमी होत जाते, ही माझी भीती आहे.

तरीही या वस्तीचे एक भाग्य मोठे. घरे पाडण्याची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी अ‍ॅन कोल्स आणि पीटर जॅक्सन या दोघांनी तेथील एका घराचा अभ्यास करून तो १९७५ साली प्रसिद्ध केला. पुढे २००७ साली त्यांचे 'विंडटॉवर' हे पुस्तक निघाले. कोणती खोली कोठे होती, तेथे कोण बसे, उन्हाळ्यात कोठे निजत, हे त्यांनी माणसांना विचारून टिपून ठेवले. दगड नगरपालिकेने वाचवला, पण घरात कसे राहत ही माहिती या कागदांनी वाचवली. माझ्या मते दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे, आणि त्याला सरकार लागत नाही, राजपुत्र लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. रायगड जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वेळच्या कुलाब्यात, आपल्या सिनेगॉगांची छायाचित्रे निघाली, आराखडे निघाले, पुस्तकेही झाली. घरांच्या वाट्याला तेवढे लक्ष आले नाही. अलिबागेत इस्राएल आळीचे नाव आहे, पण अलिबागच्या आसपास जमिनीला जो भाव आला आहे त्यात कौलारू घर किती टिकणार? ते कोणी पाडले म्हणून आपण रागावावे, असाही आपला हक्क उरलेला नाही. आपण घरे विकली, किल्ल्या दिल्या आणि आलिया केली. दिमोना, बीर शेवा, लोद, अश्दोद येथे शिकुनमध्ये जी सदनिका मिळाली तिच्यात संसार मांडला. बस्तकी लोकांसारखी घराची रीत बरोबर आणणे आपल्याला शक्यही नव्हते. म्हणून आपले घर आज उभे आहे ते फक्त सत्तरी ओलांडलेल्यांच्या डोक्यात.

कोणी म्हणेल, त्या घरांत काय मोठे होते? कौले गळत, चुलीचा धूर डोळ्यांत जाई, विहिरीचे पाणी ओढून आयांच्या हाताला घट्टे पडत. खरे आहे, आणि तेही लिहिले पाहिजे. घराचे फक्त कौतुक टिपले तर ते शोभेच्या मनोऱ्यासारखेच होईल.

तेव्हा माझी विनंती अशी. एक कोरा कागद घ्या आणि आपण जेथे वाढलात त्या घराचा आराखडा काढा. हात थरथरत असेल तर नातवंडाला काढायला सांगा, आपण शेजारी बसून सांगा. माप हातांत किंवा पावलांत दिले तरी चालेल. उत्तर दिशा दाखवा. मग ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परस, विहीर, न्हाणी यांची नावे घाला आणि प्रत्येकापुढे तेथे काय होत असे ते लिहा. मेझूझा कोणत्या चौकटीवर होती? शब्बाथचा दिवा कोठे लावत? एलियाहू हन्नबीच्या मलिद्याचे ताट कोठे ठेवत? पेसाहला चौकटीवर पंजाचा ठसा उमटवत असत का? तेलाचा घाणा होता का, आणि शनिवारी बंद असताना बैल कोठे बांधत? नवरीला मेंदी कोठे लावत, आणि मयताला आंघोळ कोठे घालत?

ओटी, माजघर, परस या शब्दांना हिब्रूत प्रतिशब्द शोधत बसू नका. मराठी शब्दच हिब्रू अक्षरांत लिहा, म्हणजे नातवंडांना वाचता येतील. एक प्रत घरात ठेवा आणि एक संपादकांकडे पाठवा. हे काम पुढच्या हन्नुकापर्यंत लांबवू नका, याच आठवड्यात बसा.