आयर्लंडांतील प्रेतजागर व त्यांतील खेळ

आयरिश लोकविद्या-मंडळाचे (स्थापना १९३५) दप्तरदार शॉन ओ सूलिवॉन यांचा या विषयावरील ग्रंथ आयरिश भाषेंत १९६१ सालीं व इंग्रजींत १९६७ सालीं निघाला. जीवास वाट मिळावी म्हणून खिडकी उघडणें, घड्याळ थांबविणें, आल्यागेल्यास तंबाखू व मातीच्या चिलमी देणें, स्त्रियांनीं पद्यमय विलाप करणें आणि त्याच रात्रीं तरुणांनीं दांडगे खेळ मांडणें, अशी तिकडील जुनी चाल. धर्मसभांनीं या खेळांविरुद्ध सतराव्या शतकापासून केलेले ठराव ग्रंथकारांनीं साक्षेपानें जुळविले आहेत. एकच निषेध पुनःपुन्हा करावा लागला, यावरून चाल मोडली नव्हती हेंच ठरतें. निषेधपत्राचा हा उपयोग आमच्या संग्राहकांनींहि ध्यानांत घ्यावा.

मात्र मृताचें समाधान व्हावें, त्याचा कोप होऊं नये, म्हणून हे खेळ, हा त्यांचा सिद्धान्त आम्हांस पटत नाहीं. निषेधपत्रें खेळ झाले एवढेंच सांगतात. कां झाले, तें सांगत नाहींत. शिवाय पिकल्या पानाच्या जागरांत खेळ रंगत, तरुणाच्या किंवा अपघाती मृत्यूंत ते वर्ज्य असत, हें त्यांच्याच ग्रंथावरून दिसतें. अतृप्त मृताचें भय अकालीं गेलेल्याविषयींच अधिक असावयाचें. मग तेथेंच खेळ बंद कां?