भूक ओळखता न येण्याचा दोष कोणाचा?

“भूक लागली की आपोआप जेवेल,” असे आपण सहज म्हणतो. अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा या आजारात ते खरे ठरत नाही. आजारी मुलगी भुकेसारख्या शरीराच्या आतल्या खुणा नीट ओळखू शकत नाही, हा मुद्दा मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी १९६२ साली मांडला. १९७८ सालच्या ‘द गोल्डन केज’ या पुस्तकातून त्यांनी तो सामान्य वाचकांपर्यंत नेला. हा निव्वळ हट्ट नव्हे, हे पटवून देणे ही पुस्तकाची मोठी कामगिरी.

कारणमीमांसा मात्र लंगडी आहे. तान्हेपणी आईने बाळाच्या गरजा चुकीच्या ओळखल्या, म्हणून मूल भूक ओळखायला शिकले नाही, असे ब्रुख मानतात. पण त्यांच्याकडे आलेल्या मुली आधीच उपासमारीने खंगलेल्या होत्या. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना प्रयोगासाठी २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. पुढे भरपूर जेवण मिळाल्यावरही त्यांतील अनेकांना पोट भरल्यासारखे वाटेना. म्हणजे भूक आणि तृप्ती यांची घडी उपासमारीनेही विस्कटते. मग आजारी मुलीकडे पाहून तिच्या तान्हेपणाबद्दल निष्कर्ष कसा काढावा?

शिक्षकांनी या पुस्तकातील निरीक्षण घ्यावे, आईवरचा ठपका सोडून द्यावा. डबा रोज तसाच परत नेणारी, झपाट्याने वाळत चाललेली मुलगी वर्गात दिसली, तर तिला भूक लागेल म्हणून थांबू नये. पालकांना दोष न देता तिला वेळीच डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे.