संस्थागीत : आधी ओठी, मग ठरावात

आपल्या समाजातील एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थागीत निवडावयाच्या समितीवर बसण्याचा प्रसंग अलीकडे आमच्यावर आला. आलेल्या रचना वाचताना ध्यानात आले, की बहुतेक कवींनी संस्थेचा वार्षिक अहवालच छंदात बसविला आहे. स्थापनेचे साल, संस्थापकांची नावे, वास्तूचे मजले. एका रचनेत तर कर्जवाटपालाही यमक सापडले होते! वृत्त निर्दोष होते. पण सामान्य सभासदाने उभे राहून ते का म्हणावे, याचे उत्तर मिळेना.

अशा वेळी आम्हांस व्हॅटिकनच्या गीताची आठवण होते. पोप पायस नववे यांच्या काळात, 1857 साली, हाल्मायर नामक ऑस्ट्रियन वाद्यवृंदप्रमुखाने रचलेली संचलनधून तेथे रूढ झाली. तिचे वळण तत्कालीन नृत्यसंगीताचे होते. पुढे 1869 साली याच पोपमहोदयांच्या गुरुदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी शार्ल गूनो यांनी दुसरी धून रचली. हे गूनो म्हणजे बाखच्या स्वररचनेवर ‘आव्हे मारिया’ची चाल बांधणारे. तरुणपणी रोममध्ये पालेस्त्रीनाचे संगीत ऐकून ते भारावले होते आणि काही काळ धर्मगुरू होण्याचा विचारही त्यांनी केला होता. त्यांच्या धुनेत संचलनाचा ताल आहे, पण मिरवणुकीचा तोरा नाही. तरीही तिला अधिकृत मान्यता मिळाली ती 1949 साली, पोप पायस बारावे यांच्या हस्ते. पवित्र वर्षाच्या तोंडावर, नाताळच्या पूर्वसंध्येला ती त्या मानाने प्रथम वाजली. रचना आणि मान्यता यांत 80 वर्षे गेली. गूनो तोवर कधीच निवर्तले होते.

या धुनेला शब्द मागाहून लाभले. इटालियन आंतोनिओ आलेग्रा यांचे, लॅटिन राफाएल्लो लाव्हान्या यांचे. आमच्या मते ते शब्द धुनेच्या उंचीला पोहोचत नाहीत. पितळी वाद्यांसाठी घडलेली स्वरवाक्ये भाविकांच्या गळ्यात सहज उतरत नाहीत, हेही खरे. जगभरच्या कोट्यवधी कॅथलिकांपैकी कितीजणांनी हे गीत गायिले असेल? परंतु पोपमहोदयांच्या आगमनाच्या वेळी लोकांनी ती धून ऐकावयाची असते, आणि त्या कामाला ती पुरी पडते. आपले गीत ऐकावयाचे की म्हणावयाचे, एवढेही आमच्या समितीत कोणी विचारले नव्हते. (आम्हीही तिसऱ्या बैठकीत विचारले, हे कबूल केले पाहिजे.)

मागणीबरहुकूम केलेल्या गीताचे काय होते, याचे उदाहरण संयुक्त राष्ट्रसंघाचे आहे. सरचिटणीस ऊ थांट यांच्या विनंतीवरून ऑडनसारख्या थोर कवीने शब्द दिले, पाब्लो कासाल्स यांनी संगीत दिले आणि 1971 साली, वयाच्या 94व्या वर्षी, स्वतः ते सादर करविले. दोघांच्या योग्यतेविषयी शंका नाही. तथापि राष्ट्रसंघाला अधिकृत गीत आजही नाही. याउलट युरोप परिषदेने 1972 साली बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतील जुनी, सर्वपरिचित चाल उचलली आणि अनेक भाषांचा तंटा नको म्हणून शब्द सोडून दिले. आपल्याकडे राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ शाहीर साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले, त्याला राज्यगीताचा मान मिळाला 2023 साली. शासनाने लोकांना गीत दिले नाही. लोकांचे गीत शासनाने घेतले.

म्हणून आम्ही समितीत भिन्नमत नोंदविले. बक्षीसपात्र रचना खुशाल स्मरणिकेत छापावी. संस्थागीतासाठी मात्र आपल्या धर्मग्रामांतून वर्षानुवर्षे गायिली जाणारी दोन-तीन भक्तिगीते आणि नव्या रचनांतील एखादी साधी प्रार्थनापर रचना घ्यावी, वर्षभर प्रत्येक बैठकीच्या आरंभी ती आळीपाळीने म्हणावी, आणि जी कागद हाती न घेता म्हटली जाईल तिच्यावर ठराव करावा. गायकवृंदाला त्या वेळी गप्प बसवावे, ही आमची अट काही सदस्यांना फार लागली. महोत्सव वर्षभर थांबणार नाही, असेही आम्हांस ऐकविण्यात आले. महोत्सव गीतावाचून होऊ शकतो, हे आमचे उत्तर इतिवृत्तात नोंदले गेले आहे. दोन्ही मते येत्या सर्वसाधारण सभेपुढे जावयाची आहेत.