मारिया कॅलासचे एक तप

गवयांविषयीच्या दंतकथा आपल्याला फार आवडतात. कोणाच्या गाण्याने दिवे लागतात, कोणाच्या गाण्याने पाऊस पडतो, आणि ऐकणारा 'देवाची देणगी हो!' असे म्हणून मोकळा होतो. या म्हणण्यात एक सोय आहे. देणगी म्हटली की तालमीचा हिशेब मागायला नको. युरोपातल्या ऑपेरात, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने बहुतेक सारे नाटक गाऊनच करायचे असते त्या नाट्यप्रकारात, मारिया कॅलासच्या वाट्याला अशीच एक दंतकथा आली. तिचा हिशेब एकदा मांडून पाहावा, असे फार दिवस माझ्या मनात होते.

घटना खरीच आहे. १९४९ सालच्या जानेवारीत व्हेनिसच्या 'ला फेनिचे' नाट्यगृहात पंचवीस वर्षांची कॅलास वाग्नरच्या 'डी वाल्क्यूरे'त ब्र्यूनहिल्डेची भूमिका करीत होती. ही रणदेवता, भल्यामोठ्या वाद्यवृंदावर मात करील असा भारदस्त आवाज तिला लागतो. त्याच नाट्यगृहात पुढे बेल्लिनीचा 'इ प्युरितानी' लागायचा होता. त्यातली नायिका मार्गेरिता कारोसिओ ऐन वेळी आजारी पडली. नायिका एल्विरा म्हणजे प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेली कोवळी मुलगी. तिची पदे तानामुरक्यांनी भरलेली, आणि त्या काळी ती गाणारे गळेही बहुधा हलके, पाखरासारखे. वृंदसंचालक तुल्लिओ सेराफिन यांनी ते काम कॅलासला सांगितले. ब्र्यूनहिल्डेचे प्रयोग चालू असतानाच जेमतेम आठवड्यात तिने ते बसवले, आणि १९ जानेवारीला ती एल्विरा होऊन उभी राहिली. भारदस्त धृपद गाणाऱ्याने त्याच आठवड्यात टप्प्याची मैफल जिंकावी, तसा हा प्रकार झाला. इटलीभर तिचे नाव गाजले. लोक म्हणाले, चमत्कार!

हा शब्द मला टोचतो. तो कॅलासला मोठे करतो, पण तिला घडवणाऱ्यांना पुसून टाकतो.

न्यूयॉर्कमध्ये ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मलेली ही मुलगी १९३७ साली, तेराव्या वर्षी, आईबरोबर अथेन्सला आली. मारिया त्रिवेल्ला या बाईंपाशी तिची पहिली तालीम झाली. १९३९ च्या एप्रिलात विद्यार्थ्यांच्या प्रयोगात तिने 'काव्हालेरिया रुस्तिकाना'तली सांतुत्सा केली. वय पंधरा, आणि भूमिका प्रियकराने फसवलेल्या स्त्रीची! त्याच वर्षी ती एल्विरा दे इदाल्गो यांच्या हाताखाली आली. या स्पॅनिश गायिका. आवाज हलका, गायकी तानांची. रोस्सिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधल्या रोझिनाबद्दल त्यांची ख्याती होती.

सारे मर्म मला येथे दिसते. शिष्येचा गळा जड. दुसऱ्या एखाद्या गुरूने तो आणखी जड केला असता. इदाल्गोबाईंनी मात्र त्या गळ्याला हलक्या गळ्याची शिस्त लावली. स्वरपंक्ती, कंपने, द्रुत ताना यांची तालीम अशी की तानेतला प्रत्येक स्वर वेगळा वेचता यावा. आपण सकाळी दहाला वर्गात जात असू आणि दिवसभर इतर शिष्यांचे पाठही ऐकत बसत असू, असे कॅलासने पुढे सांगितले आहे. गुरुगृही दुसऱ्याची तालीम ऐकून कान तयार करणारे शिष्य आपण पाहिलेच आहेत. त्यातून तिची नजर अधू. रंगमंचावरून संचालकाची छडी तिला दिसत नसे. म्हणून आपल्या पदांबरोबर सहनटांच्या जागा आणि वाद्यांच्या चालीही तिला मुखोद्गत कराव्या लागल्या. डोळ्यांचे उणे कानांनी भरून काढले.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. १९४१ साली 'बोकाच्चो'त छोटे काम मिळाले, आणि त्याच वसंतात जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. उपासमारीच्या त्या शहरात १९४२ साली, अठराव्या वर्षी, ती 'तोस्का' गायली. १९४५ मध्ये ती अमेरिकेस परतली. तेथे शिकागोची जी मंडळी तिला रंगमंचावर आणणार होती, ती १९४७ च्या आरंभी पडदा उघडण्याआधीच बुडाली. त्याच ऑगस्टात व्हेरोनाच्या प्राचीन रिंगणात सेराफिन यांच्या संचालनाखाली तिने 'ला जोकोंदा' केला, तेव्हा कोठे इटलीचे दार किलकिले झाले.

१९३७ ते १९४९. मराठीत याला एक तप म्हणतात. त्या आठवड्यात कॅलासने एल्विराचे शब्द आणि स्वर तेवढे पाठ केले; एल्विरा गायची कशी, ते अथेन्समध्येच शिकून झाले होते.

पुरावा ऐकण्याजोगा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात तूरिन येथे तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत इझोल्डेचा अखेरचा प्रवेश आहे, बेल्लिनीच्या 'नॉर्मा'तली प्रार्थना आहे, आणि एल्विराचे ते भ्रमिष्टपणाचे पदही आहे. रूढ अर्थाने हा आवाज गोड नाही. मधली पट्टी धुरकट, तिन्ही सप्तकांचे रंग निरनिराळे. पण एल्विराच्या उतरत्या ताना ऐकताना ती सफाई दाखवते आहे असे क्षणभरही वाटत नाही. मन सुटत चालल्याचाच तो आवाज वाटतो. जड गळ्यातून निघालेली इतकी सूक्ष्म तान दुःखाचे वजन घेऊन येते. हलक्या गळ्यांनी अलंकार म्हणून वापरलेल्या तानांना तिने पुन्हा अर्थ दिला.

आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. कोवळ्या वयात इतक्या जड भूमिका घेतल्याने गळा लवकर थकला, असे जाणते म्हणतात. १९६५ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या 'तोस्का'नंतर ती ऑपेराच्या रंगमंचावर पुन्हा आली नाही. ही किंमत मोठी, हे कबूल. माझ्या मते मात्र त्या भाराखालीही गळा इतकी वर्षे टिकला, तो इदाल्गोबाईंच्या शिस्तीने.

आज त्या ध्वनिमुद्रिका घरबसल्या ऐकता येतात. दिवाळीच्या सुटीत, फराळ आटोपल्यावर, घरातल्या गाणाऱ्या मुलांना जवळ घेऊन जरूर ऐका. आधी इझोल्डे लावावी, मग एल्विरा. मुले विचारतील, 'या दोघी कोण?' त्यांना दोघींचे एकच नाव सांगा, आणि त्याबरोबर इदाल्गोबाईंचेही.